गोदावरी हजर हाय

साळवे डॉक्टर रोज सकाळी सात वाजता सशांची हजेरी घ्यायचे. अंगात बनियन, कानावर पेन्सिल, हातात शाळेत असतं तसलं लांब रजिस्टर. "कावेरी?" कावेरीनं कान हलवला की "हजर." नऊ ससे, सगळ्यांना नद्यांची नावं. ज्याचे मागचे पाय उचलत नसत, त्याच्यापुढं "रजेवर". हजेरीनंतर लसूणघास. हजेरीआधी घास मागणाऱ्या भीमेला "शिस्त न्हाई तुला बिलकुल" असं रागावताना मी त्यांना स्वतः ऐकलंय.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. मी वाटूरला मामाकडं राहून आमच्या युवक मंडळाची पत्रकं लिहीत होते. हुंडा, दारू आणि एसटीचा थांबा यांवर लिहून संपलं होतं. शेजारी हा माणूस भूल देऊन सशांच्या पाठी फाडतो, हे कळल्यावर माझं डोकंच फिरलं. डॉक्टर पूर्वी हैदराबादच्या एका कॉलेजात जनावरांची शस्त्रक्रिया शिकवायचे. निवृत्तीनंतर पडवीत तोच उद्योग. कशासाठी, म्हणून मी जाब विचारला.

"थालीपीठाखाली तेल नसंल तर काय होतं?"

"चिकटतं."

"बराबर! मणक्याचं ऑपरेशन केलं की आत व्रण धरतो आन् मज्जारज्जूला चिकटतो. मंग पाय जातात. मी मधी पोटातल्या चरबीचा तुकडा ठेवून राह्यलो. तेलासारखा."

हे ते भेटेल त्याला सांगत. वाटूरमधल्या बाया थालीपीठ उलटताना नकळत स्वतःच्या पाठीला हात लावून बघायच्या.

मी पत्रक काढलं: "वाटूरचा राक्षस!" डॉक्टरांनी चष्मा वर करून ते नीट वाचलं. "भूल देतो ते लिहिलंच न्हाई. आन् ससे अकरा न्हाईत पोरी, नऊ हायेत. दुरुस्त करून आण, मी वाटतो."

आणि खरंच वाटली! फाट्यावर उभं राहून, प्रत्येकाला थालीपीठ समजावत. चळवळीचा एवढा अपमान मी आजवर पाहिलेला नाही. मुक्या जिवांवर सुरी चालवू नये, हे माझं मत मात्र तेव्हाही होतं, आजही आहे.

मग मी कृतीवर आले. एके सकाळी सातच्या आधीच नऊही पिंजरे उघडले. ससे मामाच्या मेथीत पसार. डॉक्टर बाहेर आले. रिकामे पिंजरे बघितले, मला बघितलं आणि रजिस्टर उघडलं.

"कावेरी?"

मेथीतून दोन कान वर आले आणि कावेरी घासाच्या आशेनं पिंजऱ्यात परत! मागोमाग तुंगभद्रा. मागोमाग भीमा. "अरे पळा, मूर्खांनो!" मी ओरडले.

"हजेरीत बोलायचं न्हाई," डॉक्टर मला म्हणाले.

आठ आले. "गोदावरी?" कोणी हललं नाही. "गोदावरी?" त्यांचा आवाज बारीक झाला. तिचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता. मागचे पाय आत्ता कुठं जरा हलवायला लागलेली. "कुत्र्यानं धरली तर तिला पळता येणार न्हाई गं," म्हणत ते गुडघ्यांवर बाभळीच्या कुंपणात शिरले. मीही शिरले. पिंजरा मीच उघडला होता.

तेवढ्यात घरातून आवाज आला, "गोदावरी हजर हाय, दादा!"

आतल्या खोलीत त्यांचा धाकटा भाऊ, आबा, पडून असायचा. कडब्याच्या गंजीवरून पडलेला. शहरात ऑपरेशन झालं, चार महिने चालला, मग आतला व्रण चिकटला आणि पाय गेले. हे गावाला ठाऊक होतं. मलाही होतं. पत्रकात बसत नव्हतं, म्हणून मी सोडून दिलं होतं.

गोदावरी खाटेखाली चटई कुरतडत होती.

"उडी मारून आल्ती," आबा म्हणाला. "म्या बघितली. उंबऱ्यावरून."

डॉक्टर उंबऱ्याशी बसले. बोटं लावून उंची मोजली. चार बोटं. पुन्हा मोजली. चारच.

मग रजिस्टर मांडीवर घेऊन शेवटचं, दहावं नाव वाचलं. "आबा?"

"रजेवर, सर," खाटेवरून उत्तर आलं. रोजचंच असणार, आबाचा सूर तसा होता.

मी डॉक्टरांच्या खांद्यावरून पाहिलं. आबाच्या नावापुढच्या चौकटींत ओळीनं "र", "र", "र". त्यांनी पेन्सिल टेकवली. थोडा वेळ तशीच धरली. मग उचलली आणि त्या दिवसाची चौकट कोरी ठेवली.