सांताक्लॉज यांचे जाहीर आभार

प्रत्येक सार्वजनिक कार्यक्रमाचा शेवट आभारप्रदर्शनाने होतो, आणि आभारप्रदर्शनाचा शेवट आजवर कोणीही पाहिलेला नाही. "आता मी आभारप्रदर्शनासाठी विनंती करतो" हे वाक्य कानावर पडले की श्रोत्याने उठावे, असा नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही, म्हणूनच पाळला जातो. उठलेला श्रोता आधी चपला शोधतो, मग आपली माणसे शोधतो, आणि त्याच्या स्कूटरची किक वक्त्याच्या "सर्वप्रथम" या शब्दावर नेमकी पडते.

माझे वडील हे "सर्वप्रथम" चाळीस वर्षे म्हणत आले. चोवीस डिसेंबरला ते शेवटचे म्हणाले. तो आमच्याकडचा शेवटचा साधा दिवस होता, जरी त्या दिवशी पार्किंगमध्ये सांताक्लॉजला फेटा बांधलेला होता.

बाबा पाटबंधारे खात्यात लिपिक होते, ती नोकरी. आभार मानणे हे काम. वक्तृत्व स्पर्धा, रक्तदान शिबिरे, सेवापूर्ती समारंभ, लासूर स्टेशनला एका कांदाचाळीचे उद्घाटन (वक्ते अकरा, कांदे अजून यायचे होते). श्रीधररावांनी आभार मानल्याशिवाय कार्यक्रम झाला असे कोणी धरत नसे, आणि ते मानत असताना कोणी थांबतही नसे. माझ्या अंदाजाने त्यांचे नव्वद टक्के श्रोते पाठमोरे होते. उरलेले सतरंजी गुंडाळायला आलेले असत. बाबा त्यांचेही आभार मानत, नावानिशी.

घरात मात्र आभारांना बंदी होती. लहानपणी मी शाळेतून शिकून आले आणि पाण्याचा पेला देणाऱ्या आईला "थँक यू" म्हणाले, तेव्हा बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवले.

"सुलेखा, आभार मानले की कार्यक्रम संपतो," ते म्हणाले. "आपल्याला घर कुठं संपवायचंय?"

या युक्तिवादात मला आजतागायत चूक सापडलेली नाही. मी पुन्हा कधी म्हणाले नाही.

यंदा आम्ही नाताळ परदेशात साजरा केला. आम्ही म्हणजे मी, माझे यजमान हिमांशू, सहा वर्षांची हिमानी आणि तिचा दोन वर्षांचा भाऊ, ज्याचे मत विचारात घेतले गेले नाही. परदेश म्हणजे छत्रपती संभाजीनगर. मुलांचा जन्म लीड्सचा, तेव्हा कागदोपत्री हे शहर त्यांना परदेशच. (आम्हा दोघांना कोणते शहर परदेश, याचा निकाल अजून लागायचा आहे.)

लीड्समध्ये बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक यू म्हणायची पद्धत आहे. हिमानीने ती पद्धत सामानासोबत आणली. स्टेशनवरून घरी सोडणाऱ्या रिक्षावाल्याला ती थँक यू म्हणाली, तर तो धास्तावून मागे वळला. "क्या हुआ बेटा, गल्ली गलत लाया क्या मैं?" दारावर भाजी विकणाऱ्या गोजरबाईला म्हणाली. गोजरबाईने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि मला विचारले, "ताई, लेकरू बरं हाय ना?" मग तिने लिफ्टचे आभार मानले. लिफ्ट बंद पडली.

बाबा हे सारे निरखत होते. "गुण एक पिढी सोडून उतरतो म्हणतात ते खोटं नाही," ते आईला म्हणाले. सोडलेली पिढी शेजारीच वाटाणे सोलत होती.

त्याच दुपारी आजोबा-नातीत पुढील बोलणी झाली.

"आजोबा, सांता ना, मी झोपले की येतो आणि उठायच्या आत जातो. मी त्याला कधीच थँक यू म्हटलेलं नाहीये."

"कधीच म्हणजे? किती वर्षांचं?"

"सगळ्या."

बाबांनी चष्मा काढला. "म्हणजे अनुशेष आहे," ते म्हणाले. (हा शब्द मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.) "सांताला आपण इथं बोलावू. रीतसर. आणि तू समोर बसून त्याचे आभार मानशील."

"तो पळून नाही जाणार?"

"व्यासपीठावर बसवलेला माणूस पळत नाही," बाबा म्हणाले. "त्याच्याच्यानं पळवत नाही."

हिमानीने यंदा खेळणे मागितले नाही. तिला एवढेच हवे होते, आणि बाबांनी शब्द दिला होता.

बाबांच्या माऊली अपार्टमेंटची सांस्कृतिक समिती हे एक आदर्श मंडळ आहे. कोणताही आनंद आधी विषयपत्रिकेवर घेतल्याशिवाय ती उपभोगत नाही. अध्यक्ष आप्पासाहेब. त्यांची शेती फुलंब्रीला आणि फ्लॅट इथे, त्यामुळे त्यांना दोन्हीकडच्या पाण्याची काळजी असते. बैठकीत पहिला मुद्दा त्यांनीच काढला. पंचवीस डिसेंबरला नळाला पाणी येण्याचा दिवस होता, आणि पाण्याच्या दिवशी आमच्याकडे लग्नेसुद्धा धरत नाहीत. सबब नाताळ सर्वानुमते चोवीस तारखेस घेण्याचे ठरले. जगभरच्या ख्रिस्ती बांधवांना कळवण्याची जबाबदारी कोणावर टाकली गेली नाही.

दुसरा मुद्दा दीपप्रज्वलनाचा. दीप प्रज्वलित करायचा तर तसबीर हवी. म्हणून सांताक्लॉजचा फोटो मोठा करून आणला, टेबलावर ठेवला आणि त्याला झेंडूचा हार घातला. हिमानीने तो पाहिला आणि माझा हात धरला.

"आई, सांता गेला का?"

हार जिवंत माणसालाही घालतात, फक्त त्याच्या फोटोला घालत नाहीत, हे समितीला सांगण्याचा मी प्रयत्न केला. समिती म्हणाली, हार काढल्यास अपमान होईल.

तिसरा मुद्दा सांताची नेमणूक. ती एकमताने वॉचमन सांडू यांच्याकडे गेली, कारण इमारतीत उशी न लावता सांताएवढे पोट असलेला दुसरा इसम उपलब्ध नव्हता. (आप्पासाहेब होते. पण ते अध्यक्ष होते.)

"सांडू, तुला बोलायचं काय बी नाय," आप्पासाहेब म्हणाले. "नुसतं हो, हो, हो करायचं."

"ते तर मी तुमच्याम्होरं रोजच करतो की, साहेब."

बाबांनी सांडूला बाजूला घेतले. "हे बघ. काहीही झालं तरी माझे आभार होईपर्यंत खुर्ची सोडायची नाही."

"नाय सोडत. व्हय म्हणलं ना, साहेब. शब्द."

चोवीसला संध्याकाळी सहाचा कार्यक्रम सातला वेळेवर सुरू झाला. फ्लेक्सवर समितीचे सगळे सदस्य होते. सांता उजव्या कोपऱ्यात, खजिनदारांच्या खांद्याआड. प्रत्यक्ष सांताचा हिमरू शाल, श्रीफळ आणि फेटा देऊन सत्कार झाला. फेटा टोपीवरच बांधल्याने गोंडा डाव्या कानावरून लोंबत होता. मग मनोगते. आप्पासाहेबांनी "नाताळ आणि सहकार" या विषयावर विचार मांडले. ते म्हणाले की एकटा म्हातारा एका रात्रीत जगभर वाटप करतो, हे सोसायटी काढल्याशिवाय शक्य नाही. टाळ्या पडल्या. सांता कापसाच्या दाढीतून चहा प्यायला. मुले झोपेला आली. वाटपासाठी आणलेली चिक्की सत्कारमूर्तींच्या पायाशी गरम दिव्याखाली मऊ पडत गेली.

हिमानी पहिल्या रांगेत ताठ बसली होती. ओठ हलत होते. ती पाठ करत होती.

"आता मी श्रीधरराव यांना आभारप्रदर्शनासाठी..." आप्पासाहेब म्हणाले. नियमाप्रमाणे खुर्च्या सरकल्या. बाबा माइकपाशी आले, सांताकडे पाहिले. सांता बसून होता. चाळीस वर्षांत प्रथमच सत्कारमूर्ती जागेवर होती.

"सर्वप्रथम," बाबा म्हणाले.

तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी म्हणाले, "पाणी आलंय."

ते एक दिवस आधी आले होते. नाताळ अलीकडे घेता येतो, तर पाण्याला कोणत्या तोंडाने अडवणार? पार्किंग रिकामे झाले. असा एकदिलाने उठलेला समाज मी लीड्समध्ये पाहिलेला नाही. व्यासपीठावर सांताक्लॉज अर्धवट उठून बाबांकडे पाहत होता. व्हॉल्व्हची किल्ली त्याच्याच कमरेला होती.

"साहेब, टाकी."

बाबांनी हिमानीकडे पाहिले. इमारतीकडे पाहिले. "जा," ते म्हणाले. "भरली की ये."

सांता एका हाताने लाल विजार आणि दुसऱ्या हाताने नारळ सांभाळत जिन्यामागे गेला. हिमानी त्याच्यामागे निघाली, तेव्हा स्पीकरमधून बाबांचा आवाज आला. "हिमानी, बस. आभार बसून ऐकायचे असतात."

ती बसली. मी मात्र वर पळाले होते. माणूस कितीही वर्षे परदेशात राहो, "पाणी आलंय" म्हटल्यावर संभाजीनगरच्या मुलीचे पाय तिला विचारत नाहीत. मी पिंप भरले, बादल्या भरल्या, कुकर भरला, हिमांशूचा थर्मास भरला. न्हाणीघराच्या खिडकीतून बाबा ऐकू येत होते. मंडपवाले, माइकवाले, चिक्कीवाले, वेळेआधी पोचल्याबद्दल पाणी. पूर्ण इमारत ते ऐकत होती, कारण बादली सोडून कोणालाच हलता येत नव्हते. मग मी दुसरा नळ सोडला आणि पुढचे ऐकू आले नाही.

खाली आले तेव्हा माइकची वायर गुंडाळून झाली होती. रिकाम्या खुर्च्यांत दोघे मऊ चिक्की खात बसले होते.

"झाले का आभार?" मी विचारले.

"झाले," बाबा म्हणाले. "शेवटपर्यंत." हा शब्द त्यांनी जरा हळू उच्चारला, सवय नसल्यासारखा.

वर आल्यावर हिमानीने वृत्तांत दिला. "सांता आलाच नाही परत. मग मी आजोबांनाच म्हटलं, थँक यू."

"घरच्यांना म्हटलेलं त्यांना आवडत नाही गं. काय म्हणाले?"

"म्हणाले, परत एकदा म्हण."

"मग?"

"म्हटलं. पण आवडत नाही तर परत का म्हणायला लावलं?"

बादली वाहू लागली होती. मी नळ बंद करायला गेले.

पंचवीस तारखेला सकाळी बाबा उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच. नाताळ एक दिवस अलीकडे घेण्याचा समितीचा निर्णय अशा रीतीने योग्य ठरला.

आम्ही तिकिटे पुढे ढकलली. तेराव्यानंतरच्या रविवारी शोकसभा झाली. तेच पार्किंग, त्याच खुर्च्या, तेच टेबल. त्यावर बाबांचा फोटो आणि झेंडूचा हार. हिमानीने तो पाहिला. या वेळी तिने मला काही विचारले नाही.

सभा सुरू होण्याआधी सांडू माझ्यापाशी आला. "मी आलतो, ताई, त्या दिवशी. टाकी भरून. पण पळता पळता दाढी गळली व्हती. लेकराम्होरं कसं यावं? खांबाआड हुभा ऱ्हायलो. साहेबांचं सगळं ऐकलं." मग म्हणाला, "माझं बी नाव घेतलं त्यांनी. सांता नाय. सांडू म्हणून."

आप्पासाहेब बोलले. या वेळी सहकाराचा उल्लेख फक्त एकदा आला, आणि तोही अर्धाच राहिला. दोन मिनिटे शांतता पाळली गेली. ती संपते न संपते तोच पहिल्या रांगेतून आवाज आला.

"आभार कोण मानणार?"

आप्पासाहेब खाली वाकले. "बाळा, अशा सभेला आभार नसतेत. तशी रीतच नाय."

हे खरे आहे. शोकसभेत आभारप्रदर्शन करत नाहीत. म्हणजे ज्या माणसाने अख्ख्या शहराचे आभार मानले, त्याच्या एकट्याच्या कार्यक्रमाला ते कलमच नव्हते. प्रश्न कार्यपद्धतीचा होता, आणि बाबा असते तर त्यांनी तो समितीपुढे ठेवला असता. मी माइक घेतला.

नियमाप्रमाणे लोक उठले. चपलांचा आवाज सुरू झाला.

"सर्वप्रथम," मी म्हणाले. फाटकाबाहेर एक स्कूटर सुरू झाली.

मी मंडपवाल्यांचे आभार मानले, माइकवाल्यांचे मानले, सतरंजी उचलायला आलेल्यांचे, सांडूचे, आणि आज न आल्याबद्दल पाण्याचे. उठून गेलेल्यांचे मानले. बाबा त्यांना वगळत नसत. हे वाचणाऱ्यांचेही मानायला हवेत. मी माइक घेतला त्या ओळीवर तुमच्यापैकी काहींनी अजून किती उरले आहे ते पाहून घेतले. मला दिसले, आमच्या घरी पाठमोरी माणसे ओळखायची सवय आहे. हरकत नाही. फक्त चपला पायात सरकवता सरकवता एवढे आठवून पाहा, की तुमच्या घरातल्या कोणाचा कार्यक्रम तुम्ही अजून संपलेला नाही असे धरून चालला आहात.

"आणि सर्वांत शेवटी," मी म्हणाले, "ज्यांच्याशिवाय हा कार्यक्रम होऊच शकला नसता, ते माझे वडील." पुढचे वाक्य मी लहानपणापासून ऐकले होते, ते मला तोंडपाठ होते, आणि ते मला आठवेना.

"बाबा, थँक यू."

"परत एकदा म्हण," हिमानी म्हणाली.

"थँक यू, बाबा."