डावी चप्पल, वर्तुळ क्रमांक सात

या मंडळी, जवळ या. जवळ म्हणजे सहा फुटांवर; मनानं हवं तितकं जवळ या, त्याला अजून मनाई झालेली नाही. मास्क नाकावर घ्या, हात मांडीवर ठेवा आणि चित्त इकडे द्या. एका चपलेची कथा सांगतो. ऐकणाऱ्याचं कल्याण होईल. नाही झालं तर निदान वेळ जाईल, आणि या दिवसांत वेळ जाणं हेच अर्धं कल्याण आहे.

तर मूळ सिद्धान्त असा, की मानवाची सगळी उन्नती रांगेतून झाली. ज्या दिवशी एक माणूस दुसऱ्याच्या पुढे न घुसता मागे उभा राहिला, त्या दिवशी संस्कृतीचा जन्म झाला. ज्या दिवशी तिसरा येऊन 'मी यांच्याबरोबरच आहे' म्हणाला, त्या दिवशी नियमांचा जन्म झाला. आमच्या गल्लीनं याच्याही पुढचं पाऊल टाकलं. आम्ही रांगेतून माणूसच काढून टाकला.

साथ नुकतीच आली होती. गल्लीच्या दोन्ही तोंडांना बांबू आडवे बांधले होते आणि आत उघडं असं एकच दुकान होतं, औषधांचं. वेळ दहा ते एक. दुकानापुढे गर्दी होऊ नये म्हणून गल्लीनं एक दक्षता समिती स्थापन केली. अध्यक्ष भूमितीचे सर. सर शाळेतून निवृत्त झाले त्याला नऊ वर्षं झाली होती, आणि नऊ वर्षांत त्यांना कुणी एक वर्तुळ काढू दिलं नव्हतं. त्यांनी खिळा, दोरी आणि चुना घेऊन रस्त्यावर एकवीस वर्तुळं काढली. अशी वर्तुळं मी आयुष्यात पाहिली नाहीत. बघताना हात जोडले जावेत अशी. चिटणीस म्हणून सलूनवाल्यांना घेतलं, कारण त्यांचं सलून बंद होतं आणि ताप मोजायचं पिस्तूल त्यांनी स्वतःहून आणलं होतं. (ते धरायची त्यांची पद्धत केस वाळवायच्या यंत्राची होती. कपाळावर रोखलं की आपण आपोआप मान खाली घालायचो.)

पहिले दोन दिवस वर्तुळांत माणसं उभी राहिली. मग उन्हाचा त्रास व्हायला लागला. कुणीतरी आपल्या वर्तुळात चप्पल ठेवली आणि समोरच्या पत्र्याखाली सावलीला जाऊन बसला. ते बघून दुसरा गेला, मग सगळेच गेले. समितीनं रागावण्याऐवजी शास्त्रीय पाहणी केली, हा तिचा मोठेपणा. निष्कर्ष असे: एकवीस माणसांपैकी पूर्ण वेळ अंतर पाळणारी चार (त्यांतली दोन झोपली होती). एकवीस चपलांपैकी पूर्ण वेळ अंतर पाळणाऱ्या एकवीस. चपला खोकत नाहीत. चपला बोलायला म्हणून मास्क खाली ओढत नाहीत. चपलांच्या ओळखीचं पुढे कुणी नसतं.

त्याच दिवशी दुकानाच्या काचेवर नियमांचा कागद लागला.

एक. रांग चपलांची राहील.
दोन. एका वर्तुळात एकच चप्पल ठेवावी, ती डावी. उजवी पायात ठेवावी (ओळख पटवण्यासाठी).
तीन. दुसऱ्याच्या चपलेला हात, पाय अथवा काठी लावू नये.
चार. क्रमांक पुकारला जाईल त्याप्रमाणेच औषध मिळेल. काम अपुरं राहिल्यास तोच क्रम दुसऱ्या दिवशी पुढे चालू राहील.

आणि खरं सांगतो, दृष्ट लागावी अशी शिस्त आली. रस्त्यावर एकवीस डाव्या चपला सहा-सहा फुटांवर मान खाली घालून उभ्या, आणि समोरच्या दहा फुटी पत्र्याखाली एकवीस माणसं, एक पाय उघडा, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून त्या अंतराचं कौतुक करताहेत. शेजारच्या गल्लीतले लोक बांबूपलीकडून बघायला यायचे.

सोमवारी सहा क्रमांक सुरळीत झाले, आणि त्यांच्या रिकाम्या वर्तुळांत लगेच पुढच्या फेरीच्या चपला येऊन बसल्या. औषधवाल्यांनी आतून हाक दिली, "सात."

सातव्या वर्तुळात एक तपकिरी चप्पल होती. अंगठ्याजवळ झिजलेली, साधी, चारचौघींसारखी. तिचा मालक काही पुढे येईना.

"सात," औषधवाले पुन्हा म्हणाले. पत्र्याखाली सगळ्यांनी आपापल्या उजव्या पायाकडे पाहिलं. तपकिरी चप्पल कुणाच्याच पायात नव्हती.

"घरी गेला असेल," सलूनवाले म्हणाले. "येईल."

"येईपर्यंत आठला द्या की," आठव्या वर्तुळाच्या बाई म्हणाल्या.

या आमच्या मशीनकाकू. दिवसभर घरात शिवणयंत्र चालतं म्हणून गल्लीनं ठेवलेलं नाव. साथ आल्यावर त्यांनी दोन जुन्या चादरी फाडून सगळ्या गल्लीला मास्क शिवून दिले होते, तेही न मागता. त्यामुळे पत्र्याखालच्या झाडून सगळ्या तोंडांवर तीच निळी फुलं होती. काकूंच्या यजमानांना फिट येते. सकाळी एक गोळी, संध्याकाळी एक. चुकली की माणूस उभ्याचा आडवा होतो. घरात दोनच गोळ्या उरल्या होत्या. हे काकूंनी लपवलं नव्हतं. पत्र्याखाली सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांनी हळहळ व्यक्तही केली होती.

"काकू, माझी काही हरकत नाही," भूमितीचे सर म्हणाले. "पण सातच्या आधी आठ आला, तर नवाचं काय करायचं? मग मोजायचं तरी कशाला?"

"ती चप्पल जरा बाजूला सरकवली तर?"

"नियम तीन," सलूनवाले म्हणाले.

नवव्या वर्तुळाचे विमावाले होते, त्यांना खोकल्याचं औषध हवं होतं (खोकला नव्हता, पण आला तर असावं). ते म्हणाले, "आज तुम्हाला सोडलं काकू, तर उद्या प्रत्येकाच्या घरी कुणीतरी आजारी निघेल."

"औषधाच्या दुकानात आजारीच येणार ना, भाऊ," काकू म्हणाल्या. पण एक वाजला होता. दुकानाचं दार ओढलं गेलं. काकूंनी घरी जाऊन सुरीनं गोळ्यांचे दोन-दोन तुकडे केले. आता दोनाच्या चार झाल्या होत्या, म्हणजे आकड्यांच्या दृष्टीनं परिस्थिती सुधारली होती.

मंगळवारी चप्पल तिथंच. आता मात्र समितीला काळजी वाटू लागली. माणूस आला नाही, याचा अर्थ तो येऊ शकत नाही. येऊ शकत नाही, याचा अर्थ तो आजारी आहे. आजारी आहे, तर त्याची चप्पल संशयित आहे. सर हे फळ्यावर सिद्ध करावं तसं बोटानं हवेत लिहीत बोलले, आणि शेवटी बोट आपटून थांबले. सलूनवाले पिस्तूल घेऊन पुढे झाले. सहा फुटांवरून हात लांब करून त्यांनी चपलेचा ताप मोजला.

बारा वाजले होते. चप्पल रबरी होती आणि दोन दिवस उन्हात होती.

"एकशे चौदा," सलूनवाले म्हणाले, आणि चार पावलं मागे आले.

पत्र्याखाली सगळे एकमेकांना आणखी चिकटले. इतका ताप गल्लीत कुणालाच आला नव्हता. एक जण म्हणाला की शेजारच्या चपलांचाही मोजा. मोजला, त्यांनाही तेवढाच. लागण पसरली होती. (वर्तुळ एकोणीस एका झाडाच्या सावलीत होतं, तिथली चप्पल शहाण्णववर निघाली. तिची प्रतिकारशक्ती चांगली, असं ठरलं.) समितीनं उभ्याउभ्या ठराव केला, की वर्तुळ सातमधील डाव्या चपलेस आहे त्या जागी चौदा दिवस विलगीकरणात ठेवावे. सरांनी वर्तुळाभोवती लाल रंगाचं दुसरं वर्तुळ काढलं. केंद्र तेच, त्रिज्या दुप्पट. काय हात आहे त्यांचा.

"चौदा दिवस सात नंबर हलणार नाही म्हणजे आठपण नाही?" काकूंनी विचारलं.

"तुम्ही तर निकट संपर्कात आहात काकू," सलूनवाले म्हणाले. "तुम्ही म्हणजे तुमची चप्पल."

इथं 'निकट संपर्क' हा शब्द आला आणि समितीच्या डोक्यात प्रकाश पडला. डाव्या चपलेच्या सगळ्यात निकट संपर्कात कोण? उजवी. त्या दोघी जन्मापासून एकत्र, एकाच खोक्यातून आलेल्या. आणि ती उजवी या घटकेला गल्लीतल्या कुठल्या तरी घरात मोकाट होती.

घरोघर शोध सुरू झाला. सलूनवाले खाली उभे राहून विचारायचे आणि खिडकीतून उत्तर यायचं.

"तपकिरी चप्पल आहे का घरात?"

"आमच्याकडे तपकिरी काहीच नाही हो. कुत्रंसुद्धा काळंय."

तासाभरात गल्लीतून तपकिरी रंग नाहीसा झाला. दोन घरांतून बूट पॉलिशचा वास येऊ लागला. कचराकुंडीत नऊ तपकिरी चपला सापडल्या, पैकी पाच डाव्या (घाबरलेल्या माणसाला डावं-उजवं कळत नाही). उरलेल्या चारांपैकी एकही सातव्या वर्तुळाशी जुळेना. मालक कुणी का असेना, आता तो समोर येणं शक्य नव्हतं. चौदा दिवस त्यालाही त्या वर्तुळात उभं करतील, अशी त्याला सार्थ भीती असणार.

बुधवारी सकाळी काकूंच्या यजमानांनी शेवटचा तुकडा घेतला. घेताना त्यांच्या हातातला कप सुटला. काकूंनी काचा गोळा केल्या, यजमानांना गादीवर आडवं केलं, शेजारणीला लक्ष ठेवायला सांगितलं आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन दुकानापाशी आल्या. आठव्या वर्तुळात त्यांची डावी चप्पल सोमवारपासून उभी होती. काकू तिच्यापाशी गेल्या. पायातली उजवी काढली. डावीच्या शेजारी नीट ठेवली. आणि अनवाणी दुकानाच्या काचेपाशी जाऊन चिठ्ठी आत सरकवली.

पत्र्याखालचे सगळे वाकून बघू लागले.

"काकू, तुमचा नंबर आठ," औषधवाले म्हणाले.

"माझा नाही, चपलेचा. ती उभी आहे तिथं रांगेत. तिला काय हवं ते तिच्या पाळीला विचारा," काकू म्हणाल्या. "मी रांगेत नाही. माझ्या पायात काहीच नाही, बघा."

औषधवाल्यांनी काचेवरचा कागद आतून, म्हणजे उलट्या अक्षरांत, दोनदा वाचला. मग सरांकडे पाहिलं. सर प्रामाणिक माणूस. ते पुढे आले, चष्मा पुसला, चारही नियम बोट ठेवून वाचले.

"नियमात त्रुटी नाही," ते सावकाश म्हणाले. "नियमात काकूच नाहीत."

औषधवाल्यांनी दोन महिन्यांच्या गोळ्या पिशवीत घालून दिल्या. मला वाटतं त्यांना सोमवारपासून द्यायच्याच होत्या. फक्त कुणीतरी रांगेबाहेर असायला हवं होतं.

"रांग मोडली," विमावाले निळ्या फुलांच्या मास्कमधून म्हणाले. "आम्ही काय मूर्ख म्हणून उभे आहोत?"

"रांग मोडलेली नाही," सर म्हणाले. "मोजून घ्या. एकवीस वर्तुळं, एकवीस चपला."

"बावीस," सलूनवाले म्हणाले.

खरंच बावीस होत्या. आठव्या वर्तुळात दोन. तेव्हा समितीनं काकूंच्या उजव्या चपलेवर गर्दी केल्याचा ठपका ठेवला आणि दोन्ही चपला चौदा दिवसांसाठी ताब्यात घेतल्या, म्हणजे जागच्या जागी राहू दिल्या. काकूंनी ते ऐकायला थांबणं शक्य नव्हतं. साडेबारा वाजले होते, डांबर मऊ पडलं होतं. त्या घराच्या दिशेनं चालत होत्या, पावलं भराभर उचलत, पिशवी छातीशी धरून. देवाची दया, यजमान उठून बसले. दुपारी शिवणयंत्राचा आवाजही ऐकू आला.

आता तुम्ही विचाराल, युक्ती इतकी सोपी होती तर पत्र्याखालच्या बाकीच्यांनी काय केलं. सगळ्यांना ती कळली होती. विमावाल्यांनी तर उजव्या चपलेचा पट्टा सोडवलाही. मग त्यांनी उघडा पाय एकदा रस्त्यावर टेकवून पाहिला, चटकन उचलला, आणि म्हणाले, "नियम तो नियम." सगळ्यांना ते पटलं. आम्ही पुढचे बारा दिवस तिथं उभे राहिलो. या काळात गल्लीत रांग मोडल्याचा एकही प्रकार नोंदला गेला नाही. पंधराव्या दिवशी सलूनवाल्यांनी झाडूनं ती तपकिरी चप्पल उचलून नेली. मालक शेवटपर्यंत मिळाला नाही.

माझी कुणावर शंका नाही. असल्या साध्या चपला घरोघरी असतात. माणूस एक ठेवून जरा घरी जातो, पंख्याखाली बसतो, आणि मग खिडकीतून सगळं बघूनही खाली उतरणं त्याच्या जिवावर येतं. तुमच्याही बाबतीत असं काही म्हणणं मला शोभणार नाही. तरी आज घरी गेल्यावर पलंगाखाली एकदा वाकून बघा. एकटी उजवी सापडली तर समितीला कळवू नका, मलाही सांगू नका. फक्त ती हातात असेपर्यंत, त्या तीन दिवसांत तुमच्या मागे आठव्या वर्तुळात कोण उभं होतं, तिची तेवढी आठवण काढा.