स्वेटरातला कोल्हा

वेंडेल प्रुइटने शेरीफला पिकअपच्या टपावर ठेवलं ते फक्त बर्फाच्या पिशव्या मागे नीट रचेपर्यंत. पिशव्या रचल्या, पेट्रोल पंपावरच्या माणसाला हात केला, गाडीत बसला आणि निघाला. शेरीफ टपावरच.

शेरीफ म्हणजे पेंढा भरलेलं रानमांजर. हॅडली स्टेट कॉलेजच्या फुटबॉल संघाचं चिन्ह रानमांजर, आणि वेंडेलचे सासरे हॉलिस टर्नबो त्या संघाचे असे भक्त, की त्यांनी तरुणपणी कुठूनसं हे ध्यान पैदा केलं होतं. एक डोळा हिरव्या काचेचा, दुसऱ्याच्या जागी कोटाचं बटण. घरच्या प्रत्येक सामन्याला शेरीफला जांभळं स्वेटर आणि टोपी घालायची आणि पिकअपच्या मागच्या फळीवर, स्टेडियमकडे तोंड करून बसवायचं. तोंड जरा जरी वळलं तरी संघाचं काही खरं नाही. गेल्या वर्षी मेहुणा रॉय डेलने आणताना एक डोळा पाडला, म्हणून यंदाचा मान जावयाकडे आला होता. तोही वर्षातल्या सगळ्यात मोठ्या सामन्याला, क्रॉसवेलच्या कोल्ह्यांविरुद्ध.

हमरस्त्याला लागताच मागून भोंगे सुरू झाले. सामन्याच्या दिवशी जांभळा झेंडा लावलेल्या गाडीला लोक भोंगा देतातच. वेंडेलनेही उलट दिले. एक बाई शेजारून गाडी नेताना काच खाली करून काहीतरी ओरडली आणि बोट वर केलं. आमचा संघ एक नंबर, असंच ती म्हणत असणार. वेंडेलने दोन्ही हातांची बोटं वर केली. पुढच्या ट्रकवाल्याने तर जीव तोडून बोट वर दाखवलं. काय माणसं आहेत, म्हणून वेंडेलचा ऊर भरून आला. तेवढ्यात त्याने आरशात पाहिलं. मागे रस्त्यावर काहीतरी तपकिरी उडी मारून पडलं आणि त्यावरून अठरा चाकांची एक गाडी गेली.

उतरून पाहिलं तर शेरीफचं पायपुसणं झालं होतं. स्वेटर आणि टोपी तेवढी सीटवर पिशवीत शाबूत होती.

ह्या घराण्यात नाव गेलं की माणूस कुठे जाऊन बसतो, हे वेंडेलला पाठ होतं. सासऱ्यांचा धाकटा भाऊ व्हर्ल काका. तरुणपणी त्याने ऊन लागतं म्हणून मध्यंतरात जागा बदलली आणि संघ एका गुणाने हरला. तेव्हापासून थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाला व्हर्ल काका सगळ्यांबरोबर बसत नाही. त्याचं घडीचं टेबल मागच्या खोलीत, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी. परवासुद्धा त्याच्यापर्यंत टर्की पोचेतो मशीनचं धुणं पिळून झालं होतं. त्या टेबलाला दुसरी खुर्ची लागू शकते, हे वेंडेलला रस्त्याच्या कडेला उभ्या उभ्या दिसलं.

पुढच्या वळणावर मासे पकडायचं सामान आणि वर जुनीपानी अडगळ विकणारं एक दुकान होतं. गल्ल्यावर सिगारेटने घोगरा झालेल्या आवाजाची एक म्हातारी बसली होती. वेंडेलने पेंढा भरलेलं रानमांजर मिळेल का म्हणून विचारलं. म्हातारीने भिंतीकडे हनुवटी केली. एक मासा होता. एक हरणाचं डोकं होतं. आणि कोपऱ्यात, छान झुपकेदार शेपटीचा एक कोल्हा.

"दुसरं काहीच नाही का?" वेंडेलने विचारलं.

"कोल्ह्याला काय झालंय? गरीब आहे. अजून कुणाला चावला नाही." मग तिची नजर त्याच्या जांभळ्या शर्टावर गेली. "अगं बाई. बाळा, आज ह्याला तुमच्या लोकांत घेऊन गेलास तर ह्याच्यातला पेंढा काढून तुझ्यात भरतील."

तरी वेंडेलने घेतला. गाडीत बसून कोल्ह्याला स्वेटर चढवलं. शेपटी दुमडून पाठीवर घेतली आणि चिकटपट्टीने आवळून स्वेटरात कोंबली. कान टोपीत गेले, आणि टोपी पुढे ओढल्यावर डोळेही. राहिलं लांबुळकं तोंड. त्याला बायकोचा जांभळा गळपट्टा तीन वेढे देऊन गुंडाळला. आता ते रानमांजर दिसत नव्हतं, पण कोल्हाही दिसत नव्हता. सर्दी झालेला कुणीतरी लांबचा नातेवाईक दिसत होता.

स्टेडियमबाहेरच्या मैदानात टर्नबो मंडळींचा तळ पडला होता. शेगडीवर बरगड्या भाजत होत्या. सासूबाई, म्हणजे मिस ओपल, बटाट्याच्या सॅलडचं भांडं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. वेंडेलने नव्या शेरीफला फळीवर ठेवलं आणि कुणी जवळ येऊ नये म्हणून स्वतःच पुढे उभा राहिला. सासरे आलेच.

"गळपट्टा कशाला?"

"गारठा आहे, सर."

हॉलिसनी पाठ चाचपली. "आणि हे पोक कसलं?"

"आतून उशी लावलीय. रस्त्यात हादरे बसतात ना."

हॉलिसनी पोकावर दोनदा थोपटलं. मग रॉय डेलकडे वळून म्हणाले, "बघ. ह्याला काळजी म्हणतात. तू डोळा पाडून आणलास, ह्याने उशी लावून आणला." रॉय डेल कानकोंडा होऊन बरगड्या उलटायला गेला. वेंडेलने मात्र कोल्ह्याचा गळपट्टा आणखी आवळून घेतला. मार खाणं एक वेळ परवडलं असतं, कौतुक परवडणारं नव्हतं.

मंडळी आत जाऊन बसली, सामना सुरू झाला आणि कोल्ह्यांनी पहिल्याच झपाट्यात टचडाऊन केला. वरच्या लाथेचा एक धरून सात गुण. लगेच दुसरा. चौदा. हॉलिसनी मान वळवून ओळीतल्या एकेकाकडे पोलिसासारखं पाहिलं. व्हर्ल काकाने न विचारताच सांगितलं की तो सकाळपासून एकाच जागी आहे आणि लघवीलाही गेलेला नाही.

मग आपल्या पोराने लांबून चेंडू लाथाडला, तो बरोबर दोन खांबांमधून गेला आणि तीन गुण मिळाले. सगळं स्टेडियम उभं राहिलं. वेंडेल तेवढा मटकन बसला. आता सामना रंगणार, शेवटी एक-दोन गुणांनी हातचा जाणार, आणि मग शोध सुरू होणार. मशीनशेजारची दुसरी खुर्ची त्याला स्वच्छ दिसायला लागली.

पण सामना रंगला नाही. एकवीस झाले. अठ्ठावीस झाले. मध्यंतरात बँडही खाली मान घालून वाजवत होता. पाचवा टचडाऊन झाला तेव्हा वेंडेलला जाणवलं की आपल्या मानेवरचं काहीतरी हळूहळू उतरतंय. एका गुणाची हार एका माणसाच्या गळ्यात बांधता येते. पस्तीस गुण कुणाच्या गळ्यात बांधणार? तेवढं करायला एक कोल्हा पुरणारच नाही, कळप लागेल. सहाव्या टचडाऊनला क्रॉसवेलचा धावणारा गडी सुटला, तेव्हा वेंडेल मनात म्हणत होता, पळ बाबा, थांबू नकोस.

"रडतोयस का हसतोयस?" बायको ट्विलाने विचारलं.

"दात आंबलेत."

मंडळी उठून पिकअपपाशी आली. बाकीचा सामना त्यांनी रेडिओवर ऐकला. छप्पन विरुद्ध तीन. गंमत म्हणजे मैदानात कुठेच आरडाओरडा नव्हता. थोडक्यात हरलेली माणसं एकमेकांच्या अंगावर जातात. इथे धुलाईच अशी झाली होती की सगळे मोकळेपणाने बरगड्या खात होते. हॉलिससुद्धा कॉलेजच्या प्रशिक्षकाला एक शिवी हासडून निवांत खुर्चीत पसरले आणि म्हणाले, जाऊ दे, ह्यात आपल्यापैकी कुणाचाच हात नाही.

हे ऐकलं आणि मिस ओपलनी भांडं खाली ठेवलं.

"मग आता सांगूनच टाकते. सॅलड मी केलेलं नाही. दुकानातून आणलं आणि आपल्या भांड्यात ओतलं."

लग्न झाल्यापासून ते सॅलड त्या पहाटे उठून करत होत्या. पण आईने बोलून टाकल्यावर लेकीलाही धीर आला. ट्विलाने वडिलांचे सामन्याचे मोजे धुतल्याचं कबूल केलं, तेही सुवासिक साबणाने. रॉय डेल म्हणाला की नेहमीच्या दाराला रांग होती म्हणून तो दुसऱ्या दाराने आत शिरला. शेवटी हॉलिसही खाकरले. सकाळी दाढी करताना आरशात बघून ते म्हणाले होते की आज आपण सहज जिंकतो.

"मोठ्याने म्हणालास?" व्हर्ल काकाने विचारलं.

"पुटपुटलो."

व्हर्ल काकाने हातातलं हाड खाली ठेवलं आणि तोंड पुसलं. उभ्या जन्मात प्रथमच तो सोडून बाकी सगळे आरोपी होते, त्यामुळे निकाल देण्याचा अधिकार आपोआप त्याच्याकडे आला. "छप्पन म्हणजे आठ टचडाऊन," तो म्हणाला. "एकट्याचं काम नव्हे, पण वाटून घेतले तर बसतंय. ओपल वहिनी, सॅलड फार वाईट. तुझे तीन. ट्विला, मोज्यांचे दोन. रॉय डेल, दाराचे दोन. हॉलिस, पुटपुटलास म्हणून एकच."

हॉलिसनी मान खाली घातली. एवढा वेळ वेंडेलच्या जिभेवर शेरीफ येऊन बसला होता. सगळेच बोलतायत, आपणही बोलून टाकावं, आज खपून जाईल. त्याने तोंड उघडलं. "व्हर्ल काका, माझं पण एक..."

"संपले," व्हर्ल काका म्हणाला. "आठच होते."

वेंडेलने उघडलेल्या तोंडात बरगडी घातली.

"थांबा," रॉय डेल म्हणाला. "मग आपले तीन गुण कुणाचे?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सगळ्यांनी वळून पिकअपच्या फळीकडे पाहिलं. स्वेटर, टोपी आणि गळपट्टा घालून तो स्टेडियमकडे तोंड करून बसला होता, तसूभरही न हलता. हॉलिस गुडघे धरत उठले. जवळ जाऊन त्यांनी स्वतःची टोपी काढली आणि गळपट्ट्यावरूनच त्याच्या नाकाचा मुका घेतला. डोळे पाणावले होते.

"आज एवढ्या माणसांत," ते म्हणाले, "हा एकटाच आपल्या बाजूचा निघाला."

"हो, सर," वेंडेल म्हणाला, आणि गळपट्टा जरासा वर सरकवला.