ओढणं, फुंकणं आणि कलीम सर

उस्मानपुऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी पानटपरी आहे. तिथं कुणी मित्राला "सिगारेट पिणार का?" असं विचारलं, की बाकावरून आवाज येतो, "पितात पाणी. सिगारेट ओढतात. लफ्ज सांभाळा!"

हे कलीम सर. आमच्या खालच्याच मजल्यावर राहतात. उभी हयात शाळेत मराठी शिकवण्यात गेली. स्वतः कधी विडी ओठाला लावली नाही, पण विडी-चिलमीचे शब्द गोळा करायचा नाद भयंकर. एकदा सिल्लोडच्या बाजारात एका म्हाताऱ्याच्या मागं ते तासभर हिंडले. का, तर थोटकाला तो काहीतरी वेगळंच म्हणाला होता. शेवटी म्हातारा वैतागला. "एक विडी घे, पण जा बाबा!"

त्यांचं एक लाडकं मत आहे. "नवरा विडी ओढतो, दोस्त झुरका मारतो. फुंकणं हे मात्र बायकोचं क्रियापद. 'बसलेत फुंकत!' हे तिनंच म्हणावं." हे ऐकून आईनं त्यांना न मागता दुसरा चहा दिला होता.

चुकीचा शब्द त्यांना सोसत नाही. लग्नाचं आमंत्रण द्यायला आलेल्यांना आधी पत्रिकेतल्या चुका दाखवतात, मग मुबारकबाद देतात.

मागच्या वर्षी माझ्या वडिलांच्या, आबांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जन्मभराच्या विड्या भोवल्या. जीव वाचला, आवाज गेला. आबा कन्नड तालुक्यातले, मेंढरं राखणाऱ्या घरातले. त्यांच्या एका हाळीसरशी डोंगरावरची मेंढरं वळायची म्हणे. लिहून बोलायला मी पाटी आणली, तर त्यांनी ती भिंतीकडं तोंड करून ठेवली. दोन महिने एक अक्षर नाही. जेवता का विचारलं तरी मान हलत नसे.

एका सकाळी कलीम सर वही घेऊन वर आले. माझं डोकंच फिरलं. या माणसाला आत्ताही शब्द हवेत?

सर खाटेजवळ बसले. सहज म्हणाले, "आबा, चिलमीला खालून ओलं फडकं गुंडाळतात ना, त्याला टोपी म्हणतात. लिहून टाकलं मी."

आबांनी डोळे उघडले.

"टोपीच. पोरांनाही तसंच शिकवलंय."

आबा ताडकन उठून बसले. पाटी ओढली. खडू मोडला, तरी उरलेल्या तुकड्यानं मोठ्ठ्या अक्षरांत लिहिलं, 'छापी'. सरांकडं रागानं बघितलं आणि खाली आणखी लिहिलं, 'पोरांचं वाटोळं केलं'.

"गलती झाली, आबा," सर खाली मान घालून म्हणाले.

आईनं येऊन पाटी वाचली. पुन्हा वाचली. आबा तिला हातवारे करून मास्तराचं अज्ञान समजावत होते.

सरांना सोडायला मी जिन्यापर्यंत गेले. "सर, छापी तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

"हळू बोल, बेटा. आवाज गेलाय त्यांचा, कान नाय."

दोन पायऱ्या उतरून ते थांबले. कपाळावरचा घाम पुसला.

"लई जड गेलं गं, टोपी म्हणायला. आता उद्याला अजून एक चुकीचा शब्द शोधायचाय."