फायबरनानांची डावी सीट

उंब्रजला हायवेच्या कडेला फायबरनानांची शेड आहे. तिथे गाडीत नवे स्पीकर बसवून घेणाऱ्याला त्यातून पहिल्यांदा जे ऐकू येतं ते गाणं नसतं. एक बाई चारी बाजूंनी विचारते, "आवं, दूध तापवलं का? का आजबी उतू घालवलं?"

गिऱ्हाईक दचकतं. काहीजण मागे वळून बघतात.

ही बाई म्हणजे नानांच्या पत्नी शालनताई. त्या पुण्याला लेकीकडे असतात आणि रोज मोबाइलवर बोलून निरोप पाठवतात. नाना ते निरोप पेनड्राइव्हवर भरतात आणि प्रत्येक गाडीत तेच लावून स्पीकर तपासतात. "गाण्यात लबाडी खपती, सर," ते मला म्हणाले. "माणसाचा आवाज खरा यायला पायजे. आन् ह्यो आवाज मला पाठ हाय." त्यामुळे नानांच्या गुडघ्याला कोणतं तेल लावायचं आणि वांगी कुणाकडून घ्यायची नाहीत, हे पंचक्रोशीतल्या सगळ्या हौशी गाडीवाल्यांना ठाऊक आहे.

नाना सैन्यात सिग्नलला, म्हणजे संदेशवहनाच्या तुकडीत होते. हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी हे काम धरलं. गाडीच्या दाराच्या आतल्या बाजूला स्पीकर धरणाऱ्या प्लायवुडच्या रिंगा हव्या त्या कोनात बसवायच्या, त्यांवर जुन्या बनियनचं कापड ताणायचं आणि वर रेझिन, म्हणजे उग्र वासाचा चिकट द्रव, फासायचं. वाळलं की कापडाचं कडक कवच, म्हणजे स्पीकरचं पॅनेल होतं. मग मागून फायबरची मॅट, वरून पुट्टी, घासकाम, रंग. बनियनं नानांची स्वतःची असतात. आपण कुणाच्या बनियनला कोपर टेकून फिरतो, हे आमच्या भागातल्या अनेक प्रतिष्ठितांना माहीत नाही.

उभ्याउभ्या चौकशी करणाऱ्याला नाना उत्तर देत नाहीत. "आधी बसा, मग बोला." माणूस गाडीत बसला की लाकडी पट्टीने सीटपासून त्याच्या कानाची उंची मोजतात. मग विचारतात, "ऐकणार कोण?"

त्यांचा सिद्धांत असा, की गाडीत आवाज एकाच सीटला खरा पोचतो. रिंगेचा कोन एकाच माणसाच्या कानावर धरता येतो. बाकीचे नुसते हजर असतात. एकदा एक तरुण नेते आपली पांढरी गाडी घेऊन आले. गाडीला मागेपुढे त्यांचेच फोटो होते. आतही दारावर आपला चेहरा उठावात हवा, असा त्यांचा आग्रह होता. नानांनी पट्टी काढली.

"ऐकणार कोण?"

"लोकं ऐकतील की! चौकात गाडी लावली की पार बाजारपेठेपर्यंत गेलं पायजे."

"मग तुमास्नी ऐकायचं न्हाई, ऐकवायचं हाय," नाना पट्टी खिशात घालत म्हणाले. "त्याला भोंगा मिळतो. कराडात जावा."

नेत्यांनी शेवटी चेहऱ्याचा हट्ट सोडला आणि कान मोजून घेतला. ते फार शांत बसले होते. इतका वेळ त्यांच्या कानाकडे कुणी लक्ष दिलं नसावं.

नानांची स्वतःची गाडी जुनी, राखाडी. तिची सगळी पॅनेलं डाव्या सीटवर रोखलेली आहेत. चालवणाऱ्याला त्यातून धड ऐकू येत नाही आणि चालवणारे नानाच. "शालनला आणायला केलीय," ते सांगतात.

शालनताईंचं जाणं भांडणातून झालं नव्हतं. पहिली अनेक वर्षं नाना घराच्या मागच्या खोलीतच काम करायचे. रेझिनचा वास भिंतीत, गाद्यांत, डाळीच्या डब्यांत मुरला. शालनताईंना खोकला लागला, मग धाप. डॉक्टर म्हणाले, या वासात राहू नका. त्या दोन महिन्यांसाठी म्हणून पुण्याला गेल्या, त्याला आता तिसरं वर्ष. त्या गेल्यावर नानांनी काम हायवेला नेलं, घर तीनदा रंगवलं, गाद्या बदलल्या. काम बंदच करतो म्हणाले, तर निरोप आला: "खुळं हाय का? रिकामं बसला तर भिताडाशी भांडशीला. काम करा."

तुम्हीच पुण्याला का जात नाही, असं मी एकदा विचारलं. गेले होते. अकरा दिवस राहिले. सातव्या मजल्यावर बसून करमेना, म्हणून लिफ्टकडे लक्ष गेलं. लिफ्टमध्ये मजला सांगणारी बाई गुडघ्याच्या उंचीवरून बोलते हे त्यांना सहन झालं नाही. त्यांनी तिचा स्पीकर कानाच्या उंचीवर न्यायला घेतला. सोसायटीच्या अध्यक्षांनी बैठक बोलावली. जावई बिचारा सरळ माणूस, त्याला लेखी माफी मागावी लागली. बाराव्या दिवशी नाना उंब्रजला.

यंदा गावच्या यात्रेला शालनताई यायच्या ठरल्या. जमलं तर कायमच्या, असं नाना हळूच म्हणाले. त्यांनी महिनाभर आधी रेझिनचे डबे बंद केले, कामाचे कपडे शेडमध्ये ठेवले, केस अगदी बारीक केले. रोज संध्याकाळी मला घरी बोलावून दारातच थांबवायचे.

"वास येतोय का बघा, सर."

"नाही येत."

"नीट घ्या की. प्राध्यापक हाय तुमी."

मी इतिहास शिकवला, नाकाचा त्याच्याशी संबंध नाही, हे त्यांना पटत नसे.

यात्रेच्या आदल्या दिवशी कोल्हापूरला निघालेल्या जावयाने शालनताईंना आयतंच दारात आणून सोडलं. गाडी पुसून बसलेले नाना थोडे हिरमुसले. शालनताई लहानखुऱ्या, तोंडाच्या तिखट. आल्या आल्या त्यांनी नवऱ्याच्या डोक्याकडे पाहिलं.

"ह्ये काय? पुन्हा भरतीला निघालाय का?"

दोन दिवस घरात पुरणाचा वास होता. तिसऱ्या दिवशी त्या शेड बघायला आल्या, रस्त्याच्या पलीकडेच उभ्या राहिल्या. नेमकं एक गिऱ्हाईक नानांचा पेनड्राइव्ह लावून आपल्या गाडीतले स्पीकर तपासून घेत होतं, आणि त्यांचाच आवाज हायवेवर आला: "आवं, गोळी घेतली का?"

"ही कोण हो भवानी?"

"तूच की," नाना म्हणाले.

"माझा आवाज असला हाय?"

"असलाच. बदल न्हाई काय."

त्या हसायला लागल्या आणि हसता हसता खोकल्या. खोकला थांबेना. त्या रात्री घराच्या भिंतींत मुरलेल्या वासाने उरलेलं काम केलं. सकाळी त्या ओट्यावर बसून होत्या, ओठ निळसर. नाना शेजारी पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. कुणी काही ठरवलं नाही. पिशवी भरली गेली.

मला पुण्याला भावाकडे जायचं होतं, म्हणून मीही नानांच्या गाडीतून निघालो. शालनताई म्हणाल्या, "सर, तुमी बसा पुढं." नाना म्हणाले, "सर मागंच बसत्याल." मी मागे बसलो.

रेझिनचा वास जावा म्हणून नानांनी दोन उन्हाळे या गाडीची चारी दारं उघडी टाकून तिला उन्हात वाळवलं होतं, हे मी पाहिलं होतं. आता तिचे स्पीकर ऐकायला मिळणार म्हणून मी सावरून बसलो. नानांनी बटणाला हात लावला नाही. शालनताई बोलत होत्या. आटपाडीच्या चुलतबहिणीच्या सुनेपासून सुरुवात झाली. साताऱ्यापर्यंत कुणाचं तरी लग्न जमलं, मोडलं, पुन्हा जमलं. नाना गाडी चाळीसच्या वर नेत नव्हते. उसाचे ट्रॅक्टर आमच्या पुढे जात होते. मध्येच नाना "व्हय?" म्हणायचे, की पुढची हकीकत सुरू.

पुण्याला त्यांना सोडल्यावर आम्ही दोघं चहाला थांबलो. नानांनी कप तसाच धरून ठेवला होता.

"सर, ती खोकली का वाटंत?"

मी आठवून पाहिलं. "नाही."

"एकदाबी न्हाई. बोगद्यात मी मुद्दाम काचा वर केल्या हुत्या. तितंबी न्हाई." त्यांनी कप खाली ठेवला. "म्हंजी गाडीत चालतंय."

आता दर रविवारी पहाटे नाना पुण्याला जातात. वर सातव्या मजल्यावर जात नाहीत. शालनताई डबा घेऊन खाली येतात. सुरुवातीला ते दोघं कुठेतरी फिरून यायचे. हल्ली पेट्रोल जाळत नाहीत. सोसायटीच्या कुंपणाशी झाडाखाली गाडी लावून दिवसभर आत बसतात. जेवतात, भांडतात, दुपारी सीटा मागे करून डुलकी काढतात. संध्याकाळी त्या वर जातात आणि हे उंब्रजला.

त्यांच्या लेकीने मला सांगितलं. नव्या वॉचमनने एकदा काचेवर टकटक करून दटावलं, "आजोबा, सकाळपासून बघतोय. कुणाच्या घरी आलाय?"

नानांनी काच दोन बोटं खाली केली. "आमी घरीच हाय," म्हणाले, आणि काच वर घेतली.