खर्जातला भूकंप

संगीत शिकायला गळा लागतो, कान लागतो, गुरू लागतो, असा माझा समज होता. (म्हणूनच इतकी वर्षं आमच्या घरात शांतता होती.) पण ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा कॅशियर म्हणाला, "छे हो, आता नुसता कॉम्प्युटर लागतो!" झालं. रविवारी सकाळीच मी स्वर 'तयार' करायला बसलो.

पहिल्याच धड्यात कळलं की स्वर म्हणजे एक लाट. सेकंदाला लाटा जास्त, की स्वर उंच; लाटा कमी, की खर्ज. मला खर्जाची भारी हौस. लाटा कमी करत करत पार तळाला नेल्या, तर काहीच ऐकू येईना.

"बिघडलं का हो?" बायकोने विचारलं.

"इतका खालचा स्वर छोट्या स्पीकरला झेपत नाही," मी तज्ज्ञासारखं म्हणालो, आणि लाउडस्पीकर भाड्याने देणाऱ्या मित्राकडून त्याचा सगळ्यात मोठा स्पीकर उचलून आणला. तो बैठकीच्या खोलीत कसाबसा मावला. आम्ही मावलो नाही.

दुसरा धडा 'अटॅक'चा, म्हणजे कळ दाबल्यापासून आवाजाने पूर्ण चढायला किती वेळ घ्यायचा त्याचा. म्हटलं, घेऊ दे बिचाऱ्याला चांगली काही मिनिटं! कळ दाबलेली राहावी म्हणून तिच्यावर पेपरवेट ठेवलं, आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं, आणि तरीही सगळं सामसूम बघून दाढी करायला गेलो. (गेलो तो सगळं विसरूनच.)

एका गालावर साबण असताना आरसा थरथरला. मग नळ. मग भांड्यांचं कपाट. खिडक्यांच्या काचा तर थंडी भरल्यासारख्या वाजू लागल्या.

"भूकंप! पळा!" मी बोंब ठोकली, आणि खाली कसा पोचलो ते त्या जिन्यालाच माहीत.

माझ्यामागोमाग अख्खी इमारत रस्त्यावर. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर पेशंटला हाताला धरून आले. पेशंटचं तोंड अजून उघडंच होतं. वरच्या मजल्यावरच्या आजींनी पर्स, छत्री, औषधाच्या गोळ्या, सगळं आठवणीने आणलं होतं. माझ्या हातात टीव्हीचा रिमोट.

"मिसेस कुठायत तुमच्या?" डॉक्टरांनी विचारलं.

बायको वरच राहिली होती!

"सोडा मला! मला वर जाऊ द्या!" मी ओरडलो. (मला कुणी धरलं नव्हतं.)

तेवढ्यात बायको गॅलरीत आली. हातात पेपरवेट.

"या वर सगळे! भूकंपबिकंप काही नाही, ह्यांचा स्वर लागलाय!"

"अगं, पण अजून हलतंय!" आजी म्हणाल्या.

"मी बंद केलाय हो. पण ह्यांनी त्याला विरायलाही भरपूर वेळ देऊन ठेवलाय!"

तो विरेपर्यंत सगळे माझ्याकडे बघत उभे राहिले. पेशंटने तेवढ्यात मला काहीतरी सुनावलं, पण नशीब, जिभेला भूल दिलेली होती.

घरात शिरताच मी गाल पुसत म्हणालो, "मी तुला न्यायला परत येणारच होतो."

"रिमोट घेऊन?"

मी विषय बदलला. "पण तू पळाली कशी नाहीस? भीती नाही वाटली?"

"वाटली की. दारापर्यंत गेलेही होते," ती भांडी परत लावत म्हणाली. "मग जरा कान देऊन ऐकलं. म्हटलं, भूकंप इतका बेसूर नसतो."