लाल पाण्याची उचल

बडोद्यात तरसालीच्या आमच्या सोसायटीत दारात कुत्री बसू नयेत म्हणून सगळे घराबाहेर पाण्याच्या बाटल्या ठेवायचे. पाण्यात नीळ घातलेली. निळं दिसलं की कुत्री येत नाहीत, असं सगळ्यांचं म्हणणं. कुत्र्यांचं म्हणणं वेगळं असावं, कारण ती बाटल्यांना टेकून झोपायची. सबनीसकाकांच्या कंपाउंडच्या भिंतीवर मात्र लाल पाण्याच्या बाटल्या होत्या.

शेजारच्या जागृतीबेनना तो रंग फार आवडला. "काका, आवो सरस कलर क्याँथी लाव्या?" त्यांनी विचारलं.

"जमिनीतून," काका म्हणाले.

जागृतीबेन हसल्या आणि एक बाटली मागून घेऊन गेल्या. पुढे ती बाटली गळायला लागली, तेव्हा पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून त्यांनी ते कढीपत्त्याच्या कुंडीत ओतलं. कढीपत्ता गेला. काकांना बातमी कळली तेव्हा त्यांनी दुःख दाखवलं नाही. उलट उत्साहाने विचारलं, "जागृतीबेन, कोर्टात सांगायला याल?"

ते पाणी खरंच जमिनीतलं होतं. बडोद्यापासून तासाभरावर एक गाव आहे. त्याच्या अंगावरून एका रंगाच्या कारखान्याचा नाला जातो. नाल्याचं पाणी मुरत मुरत गावातल्या बोअरमध्ये उतरलं आणि बोअर लाल झाले. गावकऱ्यांनी कारखान्यावर केस केली. वकील पैसे न घेता लढत होते, पण तारखा पडत राहिल्या. मग कारखान्याचा माणूस घरोघर फिरू लागला. कागदावर सही करा, केसमधून नाव काढा, ही रोख घ्या. ज्याच्या घरात पीठ संपलेलं असेल तो सही करणार, हे त्याला पक्कं माहीत होतं.

इथे सबनीसकाका शिरले. निकाल लागेपर्यंत तग धरता यावा म्हणून ते गावकऱ्यांना उचल द्यायचे. मालधक्क्यावर क्लार्क होते, रेल्वेचं पेन्शन होतं, घरात दुसरं कोणी नव्हतं. काकू आम्ही तिथे राहायला येण्याआधीच गेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. त्यांचे नियम साधे होते. जिंकलात तर परत द्या. हरलात तर विसरा. व्याज नाही.

माझे पप्पा मकरपुऱ्याला फिटर आहेत. न मोजलेली वस्तू त्यांना बघवत नाही. ते म्हणायचे, "काका, निदान कागद तरी करून घ्या."

"आयुष्यभर पावत्याच फाडल्या," काका म्हणायचे. "आता हाताला आराम."

आणखी एक अट मात्र होती, आणि ती सगळ्यात कडक. उचल फक्त रविवारी मिळायची, तीही काकांच्या हातची शेव-उसळ खाल्ल्यावर. "आधी उसळ, मग उचल," असं म्हणत ते पातेल्यात डाव फिरवायचे. उसळ इतकी तिखट असायची की गावातली मोठी माणसं डोळे पुसत गेटबाहेर पडायची. एकदा एका नव्या भाडेकरूने आईला हळूच विचारलं, "त्या घरात कोणी गेलं का?"

मी तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. मला वर्गात हात वर करायची भीती वाटायची, पण काकांच्या दृष्टीने मी विदुषी होते. एका रविवारी त्यांनी सगळ्यांसमोर लाल बाटली माझ्यापुढे धरली.

"सांग, यात काय काय आहे?"

"काका, माझा विषय इतिहास आहे."

"मग हे कधीपासून लाल आहे ते सांग."

सगळे हसले, मीही हसले. पण त्या दिवसापासून मी रविवारी ताटल्या मांडायला जाऊ लागले.

या केसमध्ये तुम्ही कसे पडलात, असं विचारलं की काका एकच उत्तर द्यायचे. "मला कोर्टाशी काही देणंघेणं नाही. मला माझी वांगी परत हवीत." दर हिवाळ्यात ते आणि काकू स्कूटरवरून त्या गावी मंगळभाईंच्या शेतावर वांगी आणायला जायचे. मग एका वर्षी मंगळभाईंनी रिकामे हात पुढे केले. शेत होतं, वांगी नव्हती. पहिली उचल त्यांनाच मिळाली होती.

मंगळभाई कमी बोलायचे. त्यांची बायको कमळाबेन ती कसर भरून काढायची. काकांना तोंडावर बोलणारी ती एकटी. "साहेब, तमारी उसळमां मीठुं नथी, मरचुंज छे," असं म्हणून ती त्यांच्या हातातला डाव काढून घ्यायची. काका कुरकुरत बाजूला व्हायचे. त्या रविवारी उसळ खाता यायची.

मग लग्नसराईच्या आधी एकदा मंगळभाई मधल्याच वारी आले. आत आले नाहीत. गेटपाशी उभे राहून त्यांनी एक पिशवी पुढे केली.

"साहेब, में सही करी दीधी. तमारा पैसा लाव्यो छुं."

काका पायरीवरच थांबले. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "अरे, सगळं गाव उभं आहे आणि तूच बसलास? विधवा बाई टिकून आहे, म्हातारे टिकून आहेत. पळपुटा आहेस तू. त्या कारखान्याचे पैसे माझ्या घरात नकोत."

काका चिडले की मराठीतच बोलायचे. मंगळभाईंना किती शब्द कळले कोण जाणे, पण पळपुटा कळला असावा. त्यांनी पिशवी भिंतीवर ठेवली. "साहेब, दीकरीय ऊभी छे," मुलगीही उभी आहे, एवढं म्हणाले आणि निघाले.

पप्पा त्यांच्याबरोबर नाक्यापर्यंत गेले. परत आल्यावर त्यांनी जे सांगितलं ते आईने दुसऱ्या दिवशी काकांच्या कानावर घातलं. मंगळभाईंच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. त्यांच्यात मुलीचा मामा मामेरू घेऊन येतो, म्हणजे बहिणीच्या घरच्या लग्नाला माहेरची भेट. नवरीचं पानेतर, लाल काठाची पांढरी साडी, तीही मामाचीच. कमळाबेनला भाऊ नव्हता. मुलगी सगळ्या गावासमोर मामाविना मांडवात बसणार होती. निदान दागिना तरी कमी पडू नये, म्हणून मंगळभाईंनी सही केली होती.

त्या रविवारी बाकीचे गावकरी आले, पण मंगळभाई-कमळाबेन आले नाहीत. कोणीतरी मंगळभाईंबद्दल वाकडं बोलायला लागला, तर काकांनी त्याच्या ताटलीत आणखी तर्री ओतली.

संध्याकाळी ते आमच्या दारात उभे राहिले. चप्पल काढू की नको, असं त्यांचं चाललं होतं.

"वहिनी," ते आईला म्हणाले, "पानेतर कुठे मिळतं?"

आम्ही तिघं मांडवीच्या बाजारात गेलो. दुकानदाराने गादीवर साड्या पसरल्या आणि सहज विचारलं, "दीकरी माटे, काका?"

"भाची," काका म्हणाले. मग घसा साफ करून त्यांनी गुजरातीत सांगितलं, "भाणी छे." आणि भाव न करता पैसे दिले. काकांनी भाव केला नाही हे आई आजही सांगते.

लग्नाच्या दिवशी पप्पांना सुट्टी मिळाली नाही. रिक्षातून काका, आई आणि मी. काकांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला होता. मांडीवर पानेतर, त्यावर मंगळभाईंची तीच पिशवी.

"काका, हे पैसे ते घेतील का?" मी भीत भीत विचारलं.

"उचल असती तर नसते घेतले," काका म्हणाले. "मामेरू परत करता येत नाही. तुझ्या आईला विचारलंय मी."

गावाच्या तोंडाशी त्यांनी रिक्षा थांबवली. मांडव समोर दिसत होता, लाउडस्पीकर चालू होता. काका मात्र खाली उतरून वडाखाली उभे राहिले. मामा आपणहून आत जात नाही, बहिणीला सामोरं यावं लागतं. पाणी भरायला निघालेल्या एका बाईला आईने सांगितलं, "कमळाबेनने कहो, मोसाळ आव्युं छे." नवरीचं आजोळ आलंय म्हटल्यावर ती आमच्याकडे बघतच राहिली, आणि घागर तिथेच ठेवून आत गेली.

आम्ही वाट बघत उभे होतो. काका सारखे सदऱ्याची बाही खाली ओढत होते.

"फार बोललो मी त्याला," ते म्हणाले. "नाही आली तर परत जायचं. साडी तेवढी तू आत नेऊन दे."

मी त्यांच्या हातातली पिशवी धरली.

लाउडस्पीकर बंद झाला. मांडवातून आधी मंगळभाई आले, कोपऱ्यातच थांबले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. त्यांच्यामागून कमळाबेन. हातात कुंकवाचं ताट, पदर धड घ्यायलाही वेळ मिळालेला नव्हता. मागून गावातल्या बायका, सगळ्या घाईत. कमळाबेनने काकांच्या कपाळाला कुंकू लावलं, तांदूळ चिकटवले. कुंकू भुवईपर्यंत आलं. बायकांनी मामेऱ्याचं गाणं सुरू केलं आणि पहिल्याच ओळीत त्या अडल्या. तिथे भावाचं नाव घ्यावं लागतं. एकीने कमळाबेनला ढोसून विचारलं. कमळाबेन गोंधळली. इतकी वर्षं ती त्यांना साहेबच म्हणत होती.

"भाई," ती म्हणाली, "तमारुं नाम शुं?"

तेव्हा माझ्याही लक्षात आलं, मलाही माहीत नव्हतं. सोसायटीत कोणालाच नसावं.

काकांनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा जमिनीकडे. मग इतक्या हळू बोलले की कमळाबेनला कान पुढे करावा लागला.

"दत्तू," ते म्हणाले. "घरी मला दत्तू म्हणायचे."